ड्रिफ्ट मारताना स्टीअरिंग हाताशी भांडतं! फोर्स फीडबॅकची सेटिंग्ज कोणी सांगेल का?

खोली_नंबर_१७ | शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, मदत हवीय.

दिवाळीच्या बोनसमधून गेमसाठी सेकंडहँड स्टीअरिंग व्हील घेतलं. गिअरवालं (मोटरचा जोर दात्यांतून हाताला पोचतो ते), ९०० अंश फिरणारं, सोबत तीन पेडल्स. गाडीचा जोर मोटर हाताला जाणवून देते, तोच फोर्स फीडबॅक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद 'हे कशाला घेतलंस' यातच जातील. खेळतो असेटो कोर्सा हा गाड्यांचा गेम, पीसी टीव्हीला जोडून. टीव्ही हॉलमध्ये, आणि हॉल म्हणजेच घर. लालबागची चाळ, दहा बाय पंधरा.

गाडी बीएमडब्ल्यू एम३ ई३०, गेमसोबत येते ती ड्रिफ्टवाली, म्हणजे मागची चाकं घसरवत आडवी वळवायची. ट्रॅकही गेममधलाच, 'ड्रिफ्ट' नावाचा. साध्या रेसला काही अडचण नाही. पण मागची चाकं सुटली रे सुटली की स्टीअरिंग जड होऊन मध्याकडे ओढायला लागतं. मी जोर लावून उलटं मारेपर्यंत गाडी गर्रकन फिरून उभी. चुकून पकडलीच, तर लगेच दुसऱ्या बाजूला फेकली जाते. उजवं वळण दहातून चार वेळा जमतं, डावं एकदाही नाही.

आत्ताची सेटिंग्ज: ड्रायव्हरमध्ये स्ट्रेंग्थ १००, सेंटरिंग स्प्रिंग चालू, ५० वर. गेममध्ये गेन (एकूण जोर) १००, फिल्टर ३०, मिनिमम फोर्स ०, कर्ब, रोड आणि स्लिप तिन्ही ५०. जेवढा फोर्स जास्त तेवढं खरं, असा माझा हिशोब.

व्हील आजीच्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर बोल्ट मारून बसवलंय. हसू नका, तसूभर हलत नाही. फक्त खालच्या काकांना वाटतं की आम्ही रात्री बाराला मिक्सर लावतो.

पाच_न्यूटन | रविवार, सकाळी ८:१०

सरळ सांगतो, विकून टाक आणि डायरेक्ट ड्राइव्ह घे, दाते नाहीत, व्हील थेट मोटरवर. मोझाचा आर५ ५.५ न्यूटन-मीटरचा (फिरवण्याच्या जोराचं माप) आहे. फॅनाटेकचा सीएसएल डीडी साध्या ॲडॅप्टरवर ५ आणि मोठ्यावर ८. गिअरवाली व्हील्स २ च्या आसपास घुटमळतात. हातगाडी घेऊन शर्यतीला उतरलायस.

फक्त_वाचतो | रविवार, सकाळी ८:३१

पहिल्याच प्रतिसादात 'विकून टाक'. नवा विक्रम का?

घाटवळण | रविवार, सकाळी ९:०५

काही विकू नकोस. मी साडेतीन वर्षं गिअरवाल्यावरच ड्रिफ्ट मारत होतो.

गोम सेंटरिंग स्प्रिंगमध्ये आहे. ती आधी बंद कर. पूर्ण बंद, ५ वर सुद्धा नको. ती स्प्रिंग गाडीला ओळखत नाही, तिला फक्त व्हीलचा मध्य कळतो. ड्रिफ्टमध्ये पुढच्या चाकांना जायचं असतं गाडी सरकतेय त्या दिशेला, म्हणजे मध्यापासून लांब. गेम सांगतोय उजवीकडे पळ, स्प्रिंग सांगतेय मध्यात ये, आणि या दोघांच्या भांडणात तुझे हात सापडलेत.

मग फिल्टर ०. तो सिग्नल गुळगुळीत करतो, पण तेवढाच उशिराही पोचवतो. कर्ब, रोड, स्लिप तिन्ही ०. हे वरून शिंपडलेले मसाले आहेत, टायरकडून येणारा खरा फोर्स यांच्याशिवायही येतो.

हे करून एक चाचणी घे. मोकळ्या जागी साठच्या वेगाने हँडब्रेक ओढ, मागचा भाग सुटला की दोन्ही हात व्हीलवरून उचल आणि बघत राहा. व्हील आपोआप उलट्या बाजूला पळालं तर सेटिंग वाटेवर आहे. मध्यात येऊन थांबलं तर कुठेतरी अजून स्प्रिंग शिल्लक आहे.

वंगण | रविवार, सकाळी १०:४०

घाटवळण यांच्याशी सहमत. का पळतं तेही लिहिते, कारण 'का' कळलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

मॉलमधल्या ढकलगाडीचं पुढचं चाक बघा. त्याचा खुंटा पुढे आणि चाक जमिनीला टेकतं ते थोडं मागे. म्हणून गाडी जिकडे ढकलाल तिकडे चाक स्वतः वळतं. मोटारीतही असंच असतं. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष वरच्या टोकाला मागे कललेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला जिथे लागेल, त्याच्या थोडं मागे टायर टेकलेला असतो. म्हणून चाक कायम गाडीच्या जाण्याच्या दिशेशी जुळवून घ्यायला बघतं. सरळ जाताना ती दिशा म्हणजे मध्य, त्यामुळे आपल्याला वाटतं की स्टीअरिंग 'मध्यात परत येतं'. खरं तर त्याला मध्याशी काही देणंघेणं नाही.

डाव्या वळणावर ड्रिफ्ट मारताना गाडीचं नाक वळणाच्या आत असतं आणि गाडी चाललेली असते नाकाच्या उजवीकडे. तेव्हा चाक स्वतःच उजवीकडे धावतं. खरे ड्रिफ्टवाले हात सैल सोडतात आणि स्टीअरिंग तळव्याखालून सरकू देतात ते याच जोरावर. उलटं मारायचं काम गाडी करते, आपण फक्त कुठे थांबवायचं ते ठरवायचं.

त्यामुळे तुमचा 'जेवढा फोर्स जास्त' हा हिशोब चुकलाय. व्हील किती जोरात ओढतं यापेक्षा किती पटकन पळतं ते ड्रिफ्टला महत्त्वाचं.

मुलुंडचा_मामा | रविवार, दुपारी १:१५

वंगणताई, अगदी बरोबर. आम्हाला कॅस्टर वगैरे शब्द माहीत नव्हते, पण अनुभव घेतलाय.

माझी पद्मिनी होती. मागच्या चाकांवर चालणारी गाडी, गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला, पॉवर स्टीअरिंगचं नाव नाही. जूनचा पहिला पाऊस, रस्त्यावर वर्षभराचं तेल तरंगलेलं, केम्प्स कॉर्नरच्या उतारावर पुढच्या बसने ब्रेक मारला आणि माझी गाडी मागून निघाली. मी काहीच केलं नाही, म्हणजे सुचलंच नाही. स्टीअरिंग हातातून भिंगरीसारखं फिरलं, गाडी सरळ झाली आणि बसच्या मागे शहाण्यासारखी उभी राहिली. बायको शेजारी बसलेली, तिला वाटलं मी फार कौशल्य दाखवलं. आजतागायत तो समज मी दूर केलेला नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनीच्या टॅक्सीही गेल्या. आता हे कोणाला सांगून पटणार.

एक मात्र ऐक रे १७ नंबर, अंगठे स्टीअरिंगच्या आत घालू नकोस. चाक खड्ड्यात गेलं की आरा सटकन अंगठ्यावर येतो. जुने ड्रायव्हर अंगठा बाहेर, कडेवर ठेवायचे ते उगाच नाही.

खोली_नंबर_१७ | रविवार, रात्री १०:२०

मामा, उशीर झाला. अंगठ्याला बर्फ लावून टाइप करतोय. :)

स्प्रिंग बंद केली, फिल्टर आणि मसाले शून्य. हात सोडून बघितलं आणि व्हील खरोखर स्वतः फिरलं! आई दचकली. पण दोन गोष्टी. एक, ते पळतं आणि पार टोकाला जाऊन आदळतं, मग गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. दोन, मध्याच्या आसपास बोटभर पट्ट्यात व्हील मेल्यासारखं वाटतं.

घाटवळण | रविवार, रात्री ११:०२

पहिलं म्हणजे क्लिपिंग. गेममध्ये पेडल्सचं छोटं ॲप असतं, त्यात क्लच-ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या पट्ट्यांशेजारी फोर्स फीडबॅकची पट्टी दिसते. ड्रिफ्ट चालू असताना तिच्याकडे बघ. राखाडी असेल तर ठीक. लाल झाली की समज, गेम मागतोय तेवढा जोर मोटरकडे नाही. मग थोडा फोर्स आणि खूप फोर्स यांत तुझ्या हाताला फरकच कळत नाही, सगळं एकच 'पूर्ण जोर'. स्पीकरचा आवाज फाटेस्तोवर वाढवल्यावर गाण्याचं जे होतं तेच. व्हील ऐन वेळी सैल पडायला हवं, ते पडत नाही आणि टोकाला जातं.

गेन १०० वरून ६५ कर. त्या गाडीपुरतं कमीजास्त करायला नंबरपॅडवरचे अधिक-उणे वापर. पट्टी क्वचित, एखाद्या धक्क्याला लाल झाली तर चालेल. आणि कमी करायचं ते एकाच जागी. ड्रायव्हरची स्ट्रेंग्थ आहे तिथे राहू दे, गेममध्ये कमी कर. दोन्हीकडे पिळत बसलास तर नंतर कुठे काय केलं ते तुलाच आठवणार नाही.

दुसरं, मिनिमम फोर्स. गिअरवाल्या व्हीलमध्ये दातेच मोटरचा थोडा जोर खातात. अगदी बारीक फोर्स आला तर व्हील हलतच नाही. मिनिमम फोर्स दिला की ते अडखळणं पार होतं. ०५ पासून सुरू कर, एकेक वाढव. सरळ रस्त्यावर हात सोडल्यावर व्हील मध्याभोवती थरथरायला लागलं की दोन पायऱ्या मागे ये.

पाच_न्यूटन | रविवार, रात्री ११:१९

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये हे मिनिमम फोर्सचं झेंगटच नसतं.

घाटवळण | रविवार, रात्री ११:२२

नसतं, मान्य. त्याऐवजी सरळ रस्त्यावर हात सोडले की व्हील स्वतःच डावं-उजवं झोके घेतं, म्हणून तुम्ही लोक डॅम्पर वाढवता. मग ते पळायला आळशी होतं आणि तुम्ही इथे येऊन विचारता की ड्रिफ्ट का जमत नाही. गेल्या मे महिन्यातला तुमचाच धागा वर काढू का?

पाच_न्यूटन | रविवार, रात्री ११:३०

नको. :)

बरं, गंभीरपणे. डॅम्पर बद्दल घाटवळण बरोबर बोलतोय. डॅम्पर म्हणजे व्हील मधात बुडवल्यासारखं, जितकं जोरात फिरवाल तितका विरोध. ड्रिफ्टला तो शक्यतो शून्याजवळ. माझ्याकडे अगदी थोडा ठेवलाय, फक्त झोके थांबण्यापुरता. गेममधला जायरो मात्र मी चालू ठेवतो. फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा जो विरोध असतो तो त्यात धरलेला आहे, एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाताना व्हील वेडंवाकडं उसळत नाही.

घाटवळण | रविवार, रात्री ११:४१

जायरोवर आपलं कधीच पटणार नाही. ताकदवान बेसवर ठीक असेल, पण गिअरवाल्याची मोटर आधीच धापा टाकत असते, तिच्यावर आणखी एक ओझं कशाला? १७ नंबर, दोन्ही करून बघ आणि हाताला आवडेल ते ठेव.

पॅडवाला | सोमवार, सकाळी ७:५५

मध्येच विचारतो. फोर्झा होरायझन या गेमला हेच लागू का? भाऊ व्हील घेऊन आलाय, माझ्या पॅडपेक्षा (हातातल्या कंट्रोलरपेक्षा) हळू जातो.

घाटवळण | सोमवार, सकाळी ८:२०

तत्त्व तेच, नावं वेगळी. सेंटर स्प्रिंग स्केल शून्य, व्हील डॅम्पर स्केल शून्य किंवा जवळपास, स्टीअरिंग 'सिम्युलेशन' वर. डेडझोन (व्हील फिरवूनही गेम दाद देत नाही तो पट्टा) आतला ०, बाहेरचा १००. पण तो गेम मुळात पॅड धरून बनवलाय, तिथे भाऊ तुला हरवणार नाही.

वंगण | सोमवार, दुपारी १२:३५

डब्याच्या सुट्टीत लिहितेय, म्हणून थोडक्यात. रोटेशनचा, म्हणजे व्हील एकूण किती अंश फिरावं याचा, विषय कोणीच काढला नाही.

९०० अंश म्हणजे एका बाजूला ४५०. साध्या मोटारीची पुढची चाकं एका बाजूला ३५ अंशांच्या आसपास वळतात, म्हणजे साधारण १३ ला १ (स्टीअरिंग १३ अंश फिरलं की चाक १). अँगल किट (पुढची चाकं जास्त वळू देणारे भाग) लावलेली ड्रिफ्टची गाडी ६० अंश वळते असं धरलं तर साडेसातला १. कमकुवत मोटरला ४५० अंश पळायला वेळ लागतो. तेच रोटेशन ५४० केलं तर टोक २७० अंशांवर येतं, म्हणजे साडेचारला १. मोटर तीच, वेग तोच, पण चाक लवकर पोचतं. बदल्यात मध्याजवळ स्टीअरिंग चुळबुळं होतं, शिंक आली तरी गाडी लेन बदलेल.

मी ७२० ने सुरुवात करायला सांगेन. जमलं की परत ९०० कडे. ड्रायव्हरमध्ये बदललेला आकडा गेममध्येही टाका, नाहीतर पडद्यावरचे हात एक करतील आणि तुमचे दुसरंच.

आणि एक राहिलं. टीव्हीवर खेळताय म्हणालात. टीव्हीचा गेम मोड चालू आहे का? चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही प्रत्येक फ्रेम धरून ठेवतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम जवळपास १७ मिलिसेकंदांची. अशा चार-पाच अडकल्या की गाडी सुटून बराच वेळ झालेला असतो आणि तुम्ही अजून मागचं चित्र बघत असता. असेटो कोर्सा आतमध्ये गाडीचा हिशोब सेकंदाला ३३३ वेळा करतो, त्यामुळे हाताला बातमी डोळ्यांच्या आधी लागते. ड्रिफ्टमध्ये डोळ्यांपेक्षा हातांवर विश्वास ठेवा.

खोली_नंबर_१७ | सोमवार, रात्री ११:१५

वंगणताई, गेम मोड बंद होता!! आईच्या मालिकांसाठी कुठलातरी 'व्हिव्हिड' लावून ठेवलेला. आता मी खेळायला बसलो की बदलतो आणि उठताना परत लावतो, विसरलो तर सकाळी ऐकून घ्यावं लागतं.

रोटेशन ७२०, गेन ६२, मिनिमम फोर्स ०९, जायरो बंद (सॉरी पाच_न्यूटन). बाराच्या काट्यावर पिवळी इन्सुलेशन टेप गुंडाळली, म्हणजे व्हील किती फिरलं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं. उजवीकडे आता पूर्ण वळण धरून ठेवतो, धूर बिर काढत. डावीकडे दहातून तीन. तिकडे सारखं वाटतं की पकडतोय ते थोडं चुकीच्या जागी पकडतोय.

अजून एक, तळवे घामेजतात आणि व्हीलचं रबर हाताला चिकटतं. सरकू द्या म्हणता, सरकत नाही.

मुलुंडचा_मामा | सोमवार, रात्री ११:३३

क्रिकेटचे इनर ग्लोव्हज घाल. बॅटिंगच्या ग्लोव्हजच्या आत घालतात ते पांढरे सुती. दादरला कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळतात. पुतण्याला घालायला लावलेत, स्टीअरिंग लोण्यासारखं सरकतं. पकडायचं तेव्हा मूठ आवळली की पुरे.

घाटवळण | सोमवार, रात्री ११:५०

मामांना या महिन्याचं पारितोषिक.

डावीकडचं कदाचित फक्त सवयीचं असेल. बरेच लोक एका बाजूला अडतात. एक सराव सांगतो. वळणबिळण विसर, मोकळ्या जागेत दुसऱ्या गिअरमध्ये गोल गोल फिर. व्हीलला शक्य तितका कमी हात लाव आणि गोल लहान-मोठा कर तो फक्त ॲक्सिलरेटरने. पाच मिनिटं डावीकडून, पाच उजवीकडून. ॲक्सिलरेटर थोडा सोडला की व्हील आपोआप मध्याकडे सरकतं, दाबला की लांब जातं, हे हाताला कळेपर्यंत. मग आठचा आकडा काढ.

फक्त_वाचतो | मंगळवार, सकाळी ९:१२

एवढं वाचून मलाही व्हील घ्यावंसं वाटतंय. बायकोला हा धागा दाखवू नका.

खोली_नंबर_१७ | बुधवार, रात्री १२:०८

डाव्या बाजूचं कोडं सुटलं, आणि ते आईने सोडवलं.

मी खेळत होतो, ती मागे बसून मेथी निवडत होती. दोन-तीन गोल बघितले आणि म्हणाली, 'तुझी ती पिवळी पट्टी वाकडी आहे.' म्हटलं, ड्रिफ्टमध्ये वाकडीच असणार. तर म्हणे, 'आत्ता नाही रे, मघाशी सरळ चालला होतास तेव्हाही.'

गाडी सरळ रस्त्यावर घेतली, हात सोडले. खरंच! पट्टी बारावर नाही, चांगली दोन बोटं उजवीकडे. आधी वाटलं टेपच वाकडी लावली. मोजली, टेप बरोबर होती. मग डोक्यात प्रकाश पडला. व्हील चालू केलं की ते स्वतः या टोकापासून त्या टोकापर्यंत घुर्र करत फिरतं आणि मध्य शोधतं. तो आवाज रात्री खालच्या काकांना जाऊ नये म्हणून मी रोज चालू करताना व्हील दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवत होतो. त्याला मध्य सापडणार कसा?

वंगण | बुधवार, सकाळी १०:०१

आईंना नमस्कार सांगा.

२८ सेंटिमीटर व्यासाच्या व्हीलवर दोन बोटं म्हणजे साडेतीन सेंटिमीटर धरू. परीघ ८८ च्या आसपास, म्हणजे १४ अंशांची चूक. ७२० च्या रोटेशनला चाकाच्या कोनात ती दोन-अडीच अंश भरेल. एवढ्याने ड्रिफ्ट अडत नाही, पण तुम्ही पट्टी बघून पकडत होतात, म्हणजे एका बाजूला कायम जास्त आणि दुसऱ्या बाजूला कायम कमी.

खोली_नंबर_१७ | बुधवार, रात्री ११:४४

आज चालू करताना हात लावला नाही. स्टँडच्या पायांखाली जुन्या योगा मॅटचे तुकडे घातलेत, काकांना विचारून आलो, म्हणाले आज मिक्सर लांबून आल्यासारखा वाटला. डावीकडे दहातून सहा. आठचा आकडा अजून मधल्या फुलीवर तुटतो.

आता हँडब्रेक. बटणावर मजा येत नाही, दांडा हवा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातून खऱ्या गाडीचा हँडब्रेक आणता येईल, पण तो पीसीला जोडायचा कसा?

घाटवळण | गुरुवार, सकाळी ८:४७

दांडा आण, बाकी सोपं आहे. त्याचा कुत्रा (दात्यात अडकणारा खटका) काढून टाक, म्हणजे ओढल्यावर दांडा अडकून राहणार नाही, आणि परत यायला एक दणकट स्प्रिंग घाल. दांड्याच्या खिळीला पोटेन्शिओमीटर जोड, दांडा किती ओढला ते तो कळवतो. लॅमिंग्टन रोडला आर्दुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो माग, हे प्रोग्रॅम करता येणारे छोटे बोर्ड. ऊनो देऊ करतील, घेऊ नकोस. या दोन्हींतली चिप यूएसबीवर स्वतःला थेट जॉयस्टिक म्हणवून घेऊ शकते, साध्या ऊनोला ते जमत नाही.

शनिवारी दुपारी मी तिकडेच आहे, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला भेट. आणि दांडा पिशवीत घालून आण, लोकलमध्ये हातात धरून येऊ नकोस.